खालच्या शेतात नांगर घालू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा सभांमधून भाषणे करणे, सध्याचा धंदा गप्प बसणे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्या थोरल्या भावाचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही. मी कोणत्याही नशेच्या अमलाखाली नाही आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मृत्युपत्र 'राजीखुशीने' केले असे लिहिण्याची पद्धत आहे. मी राजी नाही आणि खूशही नाही. मी घाबरले आहे. घाबरलेल्या माणसाने शुद्धीवर राहून जे करायचे असते ते करते आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि, घशातले दुखणे पुन्हा उलटल्यामुळे, शेवटचे.

१. माझा देह. त्याचे काय करायचे ते वहिनीने ठरवावे. जे लवकर उरकेल ते करावे. शोकसभा घेऊ नये. मी जन्मभर दुसऱ्यांच्या शोकसभांत बोलले आहे आणि तिथे खरे किती बोलले जाते हे मला पक्के ठाऊक आहे. शिवाय मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी घरच्यांना दुसरीकडे धावायचे आहे. कुठे, ते कलम सहा आणि नऊमध्ये सांगितले आहे.

२. राहते घर. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागचा ओटा हे सगळे वहिनीच्या एकटीच्या नावे करावे. दादाने तिथे तिचा पाहुणा म्हणून राहावे आणि खुर्ची हलवायची झाली तरी तिला विचारावे. याचे कारण असे. इस्पितळात माझा गळा कापून स्वरयंत्र काढून टाकले, त्यानंतर जो तो माझ्याशी ओरडून बोलू लागला. आवाज गेला म्हणजे कानही गेले असे लोक धरून चालतात. एक वहिनी तेवढी उशाशी बसून पूर्वीसारखीच हळू आवाजात सगळ्या गावाच्या चहाड्या सांगत राहिली. मी पाटीवर लिहिलेले ती इतरांना वाचून दाखवते, तेव्हा माझ्यापेक्षा चांगली चिडते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्याचा अधिकारही मी तिलाच देते.

३. बँकेत जे असेल ते खालच्या शेताच्या बांधासाठी आणि तिथले पाणी अडवणाऱ्या फळीसाठी ठेवावे. कमी पडेल. ते कसे भरून काढायचे ते मला सुचत नाही.

४. पुस्तके. वाचनालयाला देऊ नयेत. तिथे ती कपाटात जातात आणि कपाटाची किल्ली हरवते. पुढच्या खोलीचे दार उघडे ठेवावे आणि ज्याला जे हवे ते त्याने उचलून न्यावे. समासातल्या माझ्या पेन्सिलीच्या खुणा कोणी खोडू नयेत. जिथे 'खोटे!' असे लिहिले आहे तिथे मी आजही ठाम आहे.

५. पत्र्याचा कर्णा. वीज नसलेल्या काळात मी यातून बोलत असे. याच्यामुळे लोक मला 'भोंगा' म्हणू लागले. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर. गिरणीच्या फाटकाशी, बाजारात, शाळांच्या सभागृहांत मी बोलले. मजुरीवर बोलले, दारूवर बोलले, पाण्यावर बोलले, आणि शेवटची बरीच वर्षे या वाढत्या उष्म्यावर बोलले. पृथ्वी तापते आहे, ऋतू आपली जागा सोडत आहेत, आणि हे आपल्याच हातांनी होते आहे, हे सांगून सांगून माझा घसा गेला. डॉक्टरीणबाई म्हणतात की याचा त्याच्याशी संबंध नाही. असो. हा कर्णा वहिनीने घ्यावा आणि कलम नऊ त्यातून वाचावे. मोठ्याने. तिला लाज वाटेल. पहिल्या वाक्यापर्यंतच वाटते, पुढे वाटत नाही.

६. खालचे शेत. ज्याच्या वरच्या अंगाला ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याचे शेत आणि खालच्या अंगाला ओढा आहे, ते शेत माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. वाटणीत ते दादाने मला दिले, कारण पावसाळ्यात तिथे बैल रुतत आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडत. "तुला बोलायची हौस ना? तिथं बेडूक ऐकतील," असे तो म्हणाला होता.

बेडूक तरी कुठे उरले होते? मूळची ती पाणथळ जागा. आमच्या वडिलांनी चर खणून तिथले पाणी ओढ्यात काढून दिले. त्यांच्या काळी पाणी हटवून जमीन मिळवणे हाच पुरुषार्थ होता. मी त्यांना बोल लावत नाही. जमिनीने मात्र धड पीक कधी दिले नाही.

ते शेत मी तसेच ठेवून गावोगाव भाषणे देत हिंडत होते. एकदा शाळेच्या सभागृहात माझे भाषण रंगात आलेले असताना मागच्या रांगेतून हा ट्रॅक्टरवाला उठला आणि म्हणाला, "बाई, जगाचं राहू द्या. ओढ्याकाठी तुमचं स्वतःचं शेत आहे. तिथं काय केलंत ते सांगा!" सगळे हसले. मी त्याला असे उत्तर दिले की टाळ्या पडल्या. घरी पोचेपर्यंत उत्तर विसरून गेले. प्रश्न राहिला.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी फावडे घेऊन चर बुजवायला घेतले. मुख्य चराच्या तोंडाशी जाड फळी ठोकली आणि तिच्यामागे चिकणमाती भरली. दादा बांधावर येऊन उभा राहिला.

"अगं, बापानं खणले आणि तू बुजवतेस? वर त्यांना काय वाटेल?"

"बापानं माझी दुधाची दाढही उपटली होती," मी म्हणाले. तेव्हा मला बोलता येत होते. "म्हणून नवी आलेली मी उपटून टाकू?"

"लोक काय म्हणतील? भोंग्याचं शेत पडीक पडलं म्हणतील."

"म्हणू देत. तू आहेस ना त्यांना दुजोरा द्यायला."

पहिल्या पावसाळ्यात नुसते पाणी साचले आणि सगळे गाव येऊन हसून गेले. मग कुठून कोण जाणे लव्हाळा उगवला. त्यामागून पाणकणीस आले, त्यावर चतुर भिरभिरू लागले, आणि एका संध्याकाळी दादा ज्यांच्याबद्दल बोलला होता ते बेडूक खरोखरच आले आणि मला बोलू देईनात. पाणकोंबडीने लव्हाळ्यात घरटे केले. ज्या वर्षी ओढा बाजारातल्या दुकानांत शिरला, त्या वर्षी आमच्या बाजूने तो जरा दमाने गेला असे मला वाटते. सिद्ध करता येत नाही, म्हणून इथे शपथेवर सांगत नाही.

डोळ्यांना दिसते ते एवढे. न दिसणारे याहून मोठे आहे. जमीन ओली राहिली की मेलेली पाने आणि मुळे पुरती कुजत नाहीत. थरावर थर साचतात. झाडांनी हवेतून ओढून घेतलेला कार्बन त्या काळ्या चिखलात कोंडून राहतो. नांगर फिरला की चिखल उघडा पडतो, वाळतो, आणि कोंडलेले सगळे पुन्हा हवेत जाते. साचायला पिढ्या लागतात, उडून जायला एक हंगाम पुरतो. हे समजायला पदवी लागत नाही. ऐकून घ्यायला धीर मात्र लागतो, आणि तो मला कोणत्याच सभेत आढळला नाही.

आता आमच्या रीतीबद्दल. ही रीत चांगली आहे, हेच तर दुर्दैव. घरात कोणी अंथरुणाला खिळले की शेजारी मिळून त्याचे शेत नांगरून देतात. माणूस गेला तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरचा नांगर त्याच्या शेतात एक रेघ ओढतो, शेत पोरके दिसू नये म्हणून. कोणी बोलावत नाही. येणारे पाणीसुद्धा आपले आणतात.

मी इस्पितळात होते तेव्हा ते आले. सगळे आले. ज्याच्याशी मी बांधावरून कोर्टात भांडले तोही आला. त्यांनी चर उपसले. फळी उपटली. पाणी वाहून जाऊ दिले, जमीन वाफशावर येईपर्यंत थांबले, आणि मग नांगर घातला. लव्हाळा कापून त्याच्या नीट जुड्या बांधल्या आणि त्या बांधावर रचून ठेवल्या, मला उपयोगी पडतील म्हणून. वहिनी माझ्या उशाशी होती. दादा घरी होता. त्याला वाटले, बरे झाले, बहीण परत येईल तेव्हा शेत माणसांत आलेले असेल.

मी गाडीतून उतरले तेव्हा सगळे शेताच्या फाटकाशी उभे होते. ट्रॅक्टरवाल्याने धुतलेला सदरा घातला होता.

"बघा बाई," तो ओरडून म्हणाला, "आरशासारखं केलंय! गवताची काडी ठेवली नाही."

मी तोंड उघडले. गळ्याच्या भोकातून फुसकन हवा बाहेर आली. दुसरे काही आले नाही. मग डोळ्यांतून पाणी आले. ते पाहून त्याचेही डोळे भरले. "राहू द्या बाई, राहू द्या," तो म्हणाला. "शेजारधर्म आहे. तुम्ही आमच्यासाठी कमी ओरडलात का?" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी जन्मात पुष्कळ टाळ्या घेतल्या. त्या टाळ्या माझ्या कानातून जात नाहीत.

वहिनीने पाटी हातात दिली. समोर कोपऱ्यावरची शिंपीण उभी होती. शिवणाचे काम टाकून आलेली, लव्हाळा कापून तिच्या बोटांना फोड आले होते. मी 'हे काय केलेत' असे लिहिणार होते. 'आभारी आहे' असे लिहिले. आणि ते खोटे नव्हते. याहून वाईट काय असते ते मला माहीत नाही. शत्रूशी कसे लढायचे याची मला जन्मभराची सवय आहे. प्रेमाने नांगर घेऊन येणाऱ्यांशी कसे लढायचे हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नाही.

पण एक कोपरा राहिला होता. ओढ्याच्या वळणावर वाळुंजाच्या झाडाखाली, एखाद्या खोलीएवढा. तिथे लव्हाळा उभा होता आणि चिखल ओला होता. ट्रॅक्टरवाला ओशाळून म्हणाला, "तेवढं राहिलं बघा. तुमचा पुतण्या तिथं पसरला होता. हाका मारल्या, हॉर्न वाजवला, तोंडावर पाणी मारलं. मेल्यागत! शेवटी वळसा घालून गेलो."

हा पुतण्या म्हणजे दादाचा एकुलता एक मुलगा. चाळिशी उलटली आहे. धरलेली नोकरी टिकली नाही, काढलेले दुकान चालले नाही. बाप त्याला 'ढिम्म' म्हणतो आणि आता तो त्याच नावाला ओ देतो. मी त्याला पुढच्या खोलीत बोलावून पाटीवर विचारले, 'झोपला होतास की अडवलंस?'

त्याने वाचले आणि मान खाजवली. "सावली चांगली होती, आत्या."

'हॉर्न ऐकू आला नाही?'

"आला ना."

'मग?'

"मग काय? कूस बदलली."

याहून जास्त मला आजवर त्याच्याकडून काढता आलेले नाही, आणि मी भल्याभल्या मंत्र्यांकडून काढले आहे.

फळी आम्ही पुन्हा बसवली. त्या कोपऱ्यातून लव्हाळा हळूहळू बाहेर सरकतो आहे. गेल्या पावसाळ्यात पाणकोंबडीही परतली. पण जे त्या काळ्या चिखलातून उडून गेले ते गेले. ते पुन्हा साचायला जो काळ लागेल तो माझ्याजवळ नाही. तुमच्याजवळही नाही. आता मी मेले की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा येतील. घराघरातून एकेक नांगर, माझ्यावरच्या मायेने. गावात घरे किती आणि ते शेत केवढे! एकेक रेघ म्हणता म्हणता काही उरणार नाही. अंथरुणात पडल्या पडल्या मला दुसरे काही दिसत नाही.

म्हणून मी लिहून ठेवते की खालचे शेत माझ्या पुतण्याला द्यावे. हुशार, कष्टाळू, भल्या माणसांनी ज्या जमिनीचा जीव घेतला, ती मी घरातल्या सर्वांत आळशी माणसाच्या हवाली करते. अटी अशा: त्याने तिथे नांगर घालू नये आणि कोणाला घालू देऊ नये. चर उपसू नयेत. शेत विकू नये, कसायला देऊ नये, पाणी काढून देऊ नये. मोठा पाऊस झाला की जाऊन फळी जागेवर आहे का ते बघावे, नसेल तर बसवावी. एवढे एकच काम त्याने करायचे आहे. बाकी काहीही करू नये.

वकीलसाहेबांनी हे वाचून चष्मा काढला. "बाई, इतकी वर्षं मृत्युपत्रं लिहितोय. वारसाला आळसाची सक्ती करणारं पहिलंच. कोर्टात टिकेल याची खात्री देता येत नाही."

मी लिहिले, 'मग कशाची देता येते?'

त्यांनी चष्मा पुसला आणि परत घातला.

मला कोणी सांगू नये की हे एकच शेत आहे आणि जगाच्या उष्म्यावर त्याने काय फरक पडणार. मला माहीत आहे. मी आकडे वाचले आहेत, तुमच्याआधी वाचले आहेत. फरक पडणार नाही. पण 'माझ्या एकटीने काय होणार' हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की त्या सगळ्यांची शेते एकापुढे एक मांडली तर नजर पोचणार नाही. आशा आहे म्हणून मी हे करत नाही. आशा संपली तरी फळी जागेवर राहिली पाहिजे, म्हणून करते आहे.

७. हत्यारे. विळा पुतण्याला द्यावा, गंजला तरी चालेल. पहार वहिनीला, तिला तिचा उपयोग माझ्याहून चांगला माहीत आहे. ज्या फावड्याने मी चर बुजवले ते दादाला. त्याने ते अंगणात वापरावे, ओढ्याकडे नेऊ नये. दादा, तू मला चारचौघांत वेडी म्हणालास, त्याचा राग मी इथे नोंदवून ठेवते, म्हणजे बरोबर न्यायला नको. आणि हेही नोंदवते की परवा तू कुंपणाला टेकून पाणकोंबडीची पिल्ले मोजत होतास. मी खिडकीतून पाहिले. कोणाला सांगितले नव्हते. आता सांगितले.

८. ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याला मी काहीही ठेवलेले नाही. हा राग नव्हे. वकीलसाहेब सांगतात की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला त्याची सही हवी आहे. सही करण्यापूर्वी त्याने हे सगळे वाचले पाहिजे अशी माझी अट आहे, कारण त्याला समोर बसवून सांगायला मला आवाज नाही, आणि पाटीवर हे मावत नाही.

९. गावाला शेवटची विनंती. मी जाईन त्याच्या दुसऱ्या दिवशी, शेतावर कोणी पोचण्याआधी, वहिनीने हे खालच्या शेताच्या फाटकात उभे राहून कर्ण्यातून वाचावे:

शेजाऱ्यांनो, तुम्ही येणार हे मला माहीत आहे. तुम्ही मागे आलात तेव्हा मी रडले ती आनंदाने नव्हे. तुमची माया मी नाकारत नाही. ती कुठे घालायची एवढेच सांगते. माझ्या शेतात एक रेघ ओढू नका. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या शेतात, ओढ्याच्या बाजूने, एक पट्टी नांगरायची सोडा. एका नांगराच्या रुंदीची. माझ्या नावाने. तिथे काय उगवते ते बघा आणि उपटू नका. तुमच्या सगळ्यांच्या पट्ट्या जोडल्या तर ओढ्याला वरपासून खालपर्यंत काठ मिळेल, आणि पाणकोंबडीला माझ्या एका कोपऱ्यात जीव मुठीत धरून बसावे लागणार नाही. मी तुमच्याकडे जन्मभर पुष्कळ मागितले. मते मागितली, सह्या मागितल्या, तुमच्या संध्याकाळी मागितल्या. यापुढे काही मागणार नाही. एवढे काम करू नका.

इथे वहिनीने थांबावे. कोणी हसले तर हसू द्यावे. मग नांगर परत वळले तर घरी यावे.

आणि वळले नाहीत तर, बाळा, हे तुझ्यासाठी. भांडू नकोस, तुला जमत नाही. कागद दाखवू नकोस, कोणी वाचणार नाही. त्या वाळुंजापासून सुरू करून शेताच्या मधोमध ये, आणि आडवा हो. हॉर्न वाजला तर कूस बदल. झोप आली नाही तरी चालेल.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेण्याची माझी तयारी नाही. दोन्ही साक्षीदार समोर बसलेले असताना मी सही करते आहे.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे तीच.

(सही)
मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली: बाईंनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. मी त्यांना बोलणे कमी करण्याचा सल्ला पूर्वी अनेकदा दिला होता.
(सही) डॉक्टरीण

साक्षीदार दुसरा: बाईंनी माझ्यासमोर सही केली. सगळं वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं होतं बाई खूश झाल्या. त्या दिवशी ट्रॅक्टर आणणार नाही. पट्टीचं घरी विचारून सांगतो.
(सही) वरच्या शेताचा मालक